सकाळी सहाचे गुण

३ जून
आजपासून रोज अर्धा तास कॉम्प्युटरवर ऐकायचा व्यायाम! हेडफोनमध्ये हॉटेलातला गोंगाट, त्यात कुणीतरी एक शब्द बोलतं, मी त्याचं चित्र निवडायचं. बरोबर आलं की पडद्यावरचा ससा टाळ्या वाजवतो. मी सोळा वर्षांची आहे हे सशाला कुणी सांगितलेलं नाही.
कानाच्या डॉक्टरबाईंना हे गुण थेट दिसतात. त्यांची अट — महिनाअखेर सरासरी सत्तर टक्के आली तर मैत्रिणींच्याच वर्गात, नाहीतर वेगळी शाळा. बाबांचं नेहमीचं पालुपद सुरू — "लक्ष देत नाहीस तू."

५ जून
रिपोर्ट म्हणतो, माझं ऐकू न येणं आनुवंशिक. आईच्या माहेरचं की बाबांकडचं, ते लिहिलेलं नाही. दोन्ही घराणी खूश! आमच्याकडे सगळ्यांचे कान तिखट, असं आत्याने ठणकावून सांगितलं. टीव्हीच्या वरताण आवाजात सांगावं लागलं, कारण टीव्ही तिनेच लावला होता. बाबा पेपरात डोकं घालून होते.

९ जून
चौऱ्याहत्तर! ससा नाचला.

१६ जून
सरासरी बावन्न?! बाई म्हणाल्या, सकाळी सहाला बसतेस तेव्हा झोपेत असतेस का? सहाला मी झोपेतच असते, पण अंथरुणात! आई म्हणते मशीन बिघडलं. जेवताना तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा नुसतं हं हं म्हणाले. वर्ग गेला बहुतेक. खूप भीती वाटतेय.

१७ जून
पावणेसहाचा गजर लावला, थरथरणारा, उशीखाली. उठून पाहते तर माझ्या खुर्चीत बाबा! कानांवर माझे हेडफोन. तीनदा हाक मारली, वळले नाहीत. पडद्यावर एकतीस टक्के.
हेडफोन खेचूनच काढले. माझा वर्ग जाईल, कळतं का, म्हणून भांडले. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी बघते तसं.
"गुण तुझ्या नावावर चढतात हे माहीत नव्हतं गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, लोकच पुटपुटतात."
राग कुठे गेला कळलं नाही. नुसतं रडू आलं.

१८ जून
बाबांनी स्वतः बाईंना सांगितलं, आणि घरी येऊन आत्यालाही. सकाळचे गुण वगळून माझी सरासरी त्र्याहत्तर! बाबांचं वेगळं खातं उघडलं. लक्ष द्या असं मी एकदाही म्हटलं नाही.
संध्याकाळी आत्याने टीव्ही बंद केला. मग माझ्याजवळ येऊन बसली.
"तिसरं खातं निघतं का गं?"