रस्त्याकडेचं गवत

प्रिय बाबा,

साडेसात वाजून गेले. तुमची नात अजून जपानीच्या क्लासहून आलेली नाही. क्लास सहाला सुटतो. अन्वीला फोन लावायला तीनदा मोबाईल उचलला, तीनदा ठेवला. हात मोकळे राहिले तर चौथ्यांदा लावीनच, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तिने टेबलावर शब्दांच्या चिठ्ठ्या पसरून ठेवल्यात. सकाळी एक दाखवली: मिचिकुसा. शब्दशः, रस्त्याकडेचं गवत. "पण आई, वाटेत कोणी रेंगाळलं तरी हाच शब्द. घोडा जाता जाता गवत खात थांबतो ना, तसं." मग हसली, "म्हणजे आपले आबा."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

हिंगण्याहून कंपनीची बस तुम्हाला प्रताप नगरच्या चौकात सोडायची. तिथून घर दहा मिनिटं. तुम्हाला तास लागायचा. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवरचा तरोटा खुडून जेवणाच्या डब्यात भरून आणायचात. आई चिडायची, "डबा काय भाजी आणायले देतो का मी तुमाले?"

"येऊनच राहिलो होतो वं. थांबलो जरासा."

आणि ती तोच पाला निवडायला बसायची.

आई गेल्यावर दारात मी उभी राहू लागले. दुधाला गेलात की दीड तास. एकदा शेजाऱ्यांसमोर ओरडले तुमच्यावर, आठवतं? मग दूध, भाजी, औषधं, सगळं मोबाईलवरून घरी मागवू लागले. काळजीच होती ती, बाबा. पण तुम्हाला बाहेर पडायला एकही निमित्त ठेवलं नाही.

तुमच्या शेवटच्या पावसाळ्यात खुर्चीतून विचारलंत, "तरोटा निघाला असन ना आता?"

"अ‍ॅपवर नाही मिळत तो."

"तिथं कसा भेटन? रस्त्याच्या कडेले असते तो."

मी हसून कामाला लागले. हात धरून चौकापर्यंत नेलं असतं तर माझं काय अडत होतं? आणि तुम्ही तरी सरळ का नाही म्हणालात, चल म्हणून?

अन्वी एकवीस वर्षांची आहे. तिलाही मी अशीच मायेने खुर्चीत बसवीन, याची भीती वाटते.

फाटक वाजलं. "इतका वेळ कुठे होतीस" ओठांवर येईलच. ते गिळीन, बाबा. वाटेत काय पाहिलंस, एवढंच विचारीन. रविवारी तिला घेऊन तरोटा आणायला जाईन. तुमच्या त्या प्लॉटवर आता बंगला झालाय, म्हणजे शोधत फिरावं लागेल. घरी यायला वेळ लागेल.

तुमची,
सुनू