मी कुठे दमते?

ताई,

टीव्हीवरच्या त्या छोट्या चेटकिणीला माझा आवाज आहे, हे तू शेजारपाजारी सांगत फिरतेस. तो आवाज मुळात तुझा आहे, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आज शेवटच्या भागाचं डबिंग झालं. चेटकीण अकरा वर्षांची. आजाऱ्यांच्या उशाशी बसते, औषधं ढवळते. कुणीतरी विचारतं, "दमलीस का गं?" त्यावर तिने हसून म्हणायचं, "छे! मी कुठे दमते?" माझे बारा टेक वाया गेले. दिग्दर्शक वैतागला, "खोटं वाटतंय, बाई."

मग तू आठवलीस. आईने अंथरूण धरलं तेव्हा तूही अकराचीच होतीस. स्टुलावर उभी राहून पातेलं ढवळायचीस आणि मी विचारलं की पाठमोरीच हेच म्हणायचीस. मी अगदी तुझ्यासारखं म्हटलं. एका टेकमध्ये ओके! काचेपलीकडे सगळे खूश. हेडफोनमध्ये ते परत ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, तू तेव्हा रडत असायचीस.

परवा तू फोन केलास. माझ्या पाठीचं ऑपरेशन आहे, महिनाभर आईपाशी राहशील का, म्हणालीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही मागितलंस. आणि ताई, उद्यापासून मला काहीही काम नाही.

हे पत्र मी फाडणार आहे. तुला मघाशी मेसेज टाकला, "रेकॉर्डिंग आहे, जमणार नाही गं. फार दमतेस का?"

तुझं उत्तर येऊन पडलंय. उघडलेलं नाही. मला ते तोंडपाठ आहे.

तुझ्या जिवावर वाढलेली,
धाकटी