घोळक्यातल्या दोन घारी

मु. शिनोली, ता. आंबेगाव
मंगळवार, सकाळचा चहा झाल्यावर

पारगावचे तीर्थरूप सयाजी दाजी यांच्या पायांवर शिनोलीच्या मच्छिंद्राने इथूनच डोकं ठेवलं आहे, ते पोचलं असं समजावं. इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? साळुताईने मीठ कमी केलं का, की अजून डॉक्टरांसमोरच कमी खाते? (हे तिला वाचून दाखवू नका.) काळी गाय व्याली असेल तर कालवड की गोऱ्हा, ते कळवावं.

दाजी, मी सध्या पक्षी मोजतो. हसू नका. घोडेगावच्या कापडवाल्या अमृतलाल शेटजींची सिद्धी तुम्हाला आठवत असेल, बारीक चणीची, चष्मेवाली. कॉलेजला असताना तीन वर्षं ती माझ्याच एसटीने गेली. आता ती पुण्याला पक्ष्यांचा अभ्यास करते. ऑक्टोबरात ती घरी आली आणि म्हणाली, काका, थंडी लागली की उत्तरेकडून शिकारी पक्षी येतात, ससाणे, गरुड, भोवत्ये. आपल्या शिनोलीच्या टेकडीवरून ते जातात असं मला वाटतं, पण मोजून दाखवल्याशिवाय पुण्याचे आमचे सर मान्य करणार नाहीत. मी म्हटलं, मग मी काय करू? ती म्हणाली, "काका, तुमच्यासारखं डोकी मोजणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही." एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, दाजी, पण असं कुणी तोंडावर बोललं नव्हतं. रिटायर झाल्यापासून घरात मला दळण आणणे एवढीच जबाबदारी होती. मी त्याच दिवशी टोपी धुवायला टाकली.

पहिल्या दिवशी मी अकरा घारी मोजल्या आणि वहीत ठळक अक्षरात लिहिल्या. सिद्धीने वही बघितली, आभाळ बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं की काका, ही एकच घार आहे, ती अकरा वेळा फिरली. मला फार लागलं. (आमच्या बायकोने, हिराने, संध्याकाळी विचारलं की आज किती झाले, तेव्हा मी 'बरेच' म्हणालो.) पुढच्या आठवड्यात चाळीसेक ससाण्यांचा घोळका आला. हे ससाणे म्हणजे आपल्या पारव्याएवढे, पण येतात पार चीन-रशियाच्या बाजूने, नागालँडात पोटभर खातात आणि आपल्या डोक्यावरून समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. अमूर ससाणा म्हणतात त्याला. ऊन तापलं की गरम हवेवर स्वार होऊन गोल गोल वर चढतात, पंखही हलवत नाहीत. मी मोजले तर चाळीस, परत मोजले तर एकसष्ट, तिसऱ्यांदा अडतीस. सगळे फिरत होते, मीही मान फिरवत होतो, शेवटी मला घेरी आली आणि मी दगडावर बसलो.

बसल्यावर डोक्यात उजेड पडला. यात्रेच्या दिवशी मंचरच्या स्टँडवर माणसं अशीच घोळ करून फिरत असतात, दाजी. तिथे कुणी मोजत नाही. मोजायचं दारात, एकेक पायरी चढताना. आणि बघतो तो काय, हे ससाणे उंच गेले की वरच्या टोकातून एकेक सुटतो आणि रांगेने नैर्ऋत्येला सरकतो. म्हणजे तेच दार. मी सिद्धीला हा शोध सांगितला. ती म्हणाली, पुस्तकातही हेच लिहिलंय. मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, काका, पहिल्याच दिवशी सांगत होते, पण तुम्ही तेव्हा मला खटारा गाडीत ऐंशी माणसं कशी बसवायची ते सांगत होतात. असेल.

एवढं सगळं करून महिनाभरात आमचा आकडा झाला दोनशे बारा. पुण्याच्या सरांचा फोन आला की इतक्यासाठी ही जागा ठेवता येणार नाही, रविवारपर्यंत वाट बघू, नाहीतर पुढच्या वर्षी मोजणी दुसऱ्या डोंगरावर. सिद्धी दुर्बिणीच्या काचा पुसत बसली, आणि त्या आधीच स्वच्छ होत्या. त्यात शनिवारी तिची पुण्याला तोंडी परीक्षा. जाताना मला म्हणाली, काका, एक दिवस सांभाळा. दुर्बीण ठेवून गेली, पण घाईत मोजायचा खटका, दाबला की एकेक आकडा पुढे सरकतो तो, तिच्याच पिशवीत गेला.

म्हणून शनिवारी मी खिशात खडे भरून टेकडीवर गेलो. शंभर झाले की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात, असा हिशेब. सोबतीला आपला बहिरू होता. आपल्यातलाच, तुमच्या चुलत्यांच्या नात्यातला; अजून साठ मेंढरं वळतो. त्याला दुर्बीण नको असते. साडेबारापर्यंत आभाळ पुसून ठेवल्यासारखं रिकामं. मी डिंभ्याच्या धरणाकडे तोंड करून भाकरी सोडली, तेवढ्यात बहिरू उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, तिकडं नगं. उगवतीला बघा. आभाळाला धूळ लागलीया."

दाजी, ती धूळ नव्हती. घोडेगावच्या वरून ते येत होते, एवढे की दुर्बिणीत मावेनात. आमच्या समोर येऊन त्यांनी गिरकी धरली आणि चढायला लागले, खालून आणखी मिसळत होते, वर दार उघडलं आणि पहिला सुटला. दुर्बीण स्थिर राहायला हवी होती. म्हणून मी कोपर बहिरूच्या खांद्यावर टेकवलं आणि त्याला बजावलं की आता हललास तर आभाळ हलेल. तो बिचारा खांबासारखा उभा. मी मोठ्याने मोजत होतो. दोनशे, तीनशे, पाचशे. भाकरी कावळ्याने नेली, बघितलं पण सोडली नाही मोजणी.

आता इथे एक गोष्ट घडली. बहिरू खांब झाल्यामुळे मेंढरांकडे बघायला कुणी नव्हतं. टेकडीच्या पायथ्याला गेणभाऊंचं कांद्याचं रोप आहे (होतं). मेंढरं सगळीच्या सगळी त्यात. गेणभाऊ काठी घेऊन, शिव्या देत, धापा टाकत वर आले. मला त्यांचा आवाज कळत होता, पण मान खाली करणं शक्य नव्हतं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मच्छिंद्रा, माज्या रोपात किती मेंढरं घातलीत रं?"

मी म्हणालो, "नऊशे बारा."

गेणभाऊ खालीच बसले. मग म्हणाले, आरं, सगळ्या तालुक्याची आणलीत काय. मी म्हणालो, नऊशे चाळीस. बहिरूला हसू येत होतं, पण हसला असता तर खांदा हलला असता, म्हणून तो डोळे मिटून उभा. हजार झाले तसा मी खडा काढला आणि उजव्या खिशात टाकला, तर तो लेंग्यातून घसरून पायावर पडला. खिसा फाटका. म्हणजे आधीचे नऊही तसेच गेले होते, माझ्या पायाशी पसरले होते. मी पुढचा खडा काढून गेणभाऊंपुढे हात केला. त्यांनी तो फेकायलाच घेतला असावा. पण मी बघतोय कुठे म्हणून त्यांनी मान वर केली.

त्यानंतर शिव्या आल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढंच ऐकू आलं, "लई हायेत की." मी म्हटलं, अकराशे. आणि दाजी, त्या माणसाने माझ्या पायाशी सापडले ते आठ खडे वेचले, हातातला एक आणि बाजूचे दोन स्वतः मिळवले आणि अकरा करून मुठीत धरले. पुढे दर शंभराला तेच ओरडत होते, "टाकला." खाली मेंढरं रोप खात होती, वर आम्ही तिघं. तासाभराने शेवटचा सुटला. तेवीस खडे आणि वर सतरा. दोन हजार तीनशे सतरा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं (ते उन्हामुळे).

तेव्हा बहिरू खांदा चोळत म्हणाला, "आबा, त्यातलं दोन कमी करा. दोन आपल्या हितल्याच घारी व्हत्या. एकीचं शेपटाचं पीस तुटलंय, रोज दिसती." म्हटलं, खात्री आहे? तो म्हणाला की कळपात दुसऱ्याचं मेंढरू घुसलं तर कळत न्हाई व्हय. मी दोन खोडले. खोडताना जीव तुटला, पण खोडले.

सिद्धीला फोन केला. आकडा सांगितला. ती म्हणाली, परत सांगा. चार वेळा सांगायला लावलं. काल पुण्याचे सर स्वतः गाडी घेऊन सिद्धीबरोबर आले. फोनवर ते म्हणाले होते की हौशी माणसांचे आकडे फुगतात. इथे त्यांनी आम्हाला तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं, पोलिसासारखं. गेणभाऊंनी रुमालातून तेवीस खडे काढून मांडले. बहिरूने तुटक्या शेपटीची घार आभाळात बोट करून दाखवली, ती तेव्हाही फिरतच होती. सर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, स्वतःचा आकडा कमी करणारी माणसं मला पहिल्यांदा भेटली. जागा कायम झाली, दाजी. दोन हजार तीनशे पंधरा, असं शिनोलीच्या नावाने लिहून घेतलं. मोजणाऱ्यांची नावं तीन. गेणभाऊंनी स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट लिहायला लावलं. सिद्धी वाकून तिघांच्या पाया पडली आणि मग टेकडीच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. चष्मा पुसत होती.

असो. तुमच्या रानात सगळं हिरवं राहो. साळुताईला आठवण, लहानांना गोड पापा.

तुमचाच मेहुणा,
मच्छिंद्र (मोजणीदार)

ता. क. गेणभाऊंचे चार वाफे पार साफ झाले, कांद्याची लागण पंधरा दिवसांवर आली आणि आता नवीन बी टाकून भागणार नाही. तुमच्याकडे दरवर्षी रोप उरतं, असं मी त्यांना बोलून बसलो आहे. किती उरतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी 'सहा वाफे' म्हणालो. तो आकडा मात्र मोजलेला नव्हता.

ता. क. २. हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात दिलं तेच गेणभाऊ. टेम्पो रस्त्याला उभा असेल, त्यात रोप सुकू नये म्हणून गोणपाट भिजवून ठेवलं आहे. त्यांच्या शिव्यांबद्दल लिहिलंय ते मोठ्याने वाचू नका. चहा द्या. आणि घाई करू नका, ते रोपाचा विषय आधी काढणार नाहीत. आधी तुम्हाला विचारतील की शनिवारी पारगाववरून किती गेले. तुम्ही झोपला होतात असं सांगू नका, फार हळहळतील. काहीतरी आकडा सांगा, पण दोन हजार तीनशे पंधराच्या आतला.