एक लेबल कमी आलं

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात सत्तावीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. फुप्फुसाचा आजार शेवटच्या टप्प्यावर आहे, डोके मात्र जागेवर आहे. सकाळच्या गोळीची गुंगी अकराच्या सुमारास उतरते आणि पुढचे दोन तास मी माझा असतो. हे सगळे त्याच वेळात लिहिले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. टाइप केले नाही ते मुद्दाम. टाइप केलेले काम कोणाच्याही नावावर खपते, आणि ते कसे खपते हे मी स्वतः करून पाहिले आहे.

१. राहते घर, आतल्या सगळ्या सामानासह, माझ्या पत्नीचे. ते तिने विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे. कोणी सल्ला द्यायला येऊ नये. पुढे जे लिहिले आहे त्यामुळे माझे पेन्शन बंद होण्याची शक्यता आहे. तिला याची कल्पना आहे. मी सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "ती बाई आपल्या मुलीच्या बारशाला आली होती. झबलं शिवून आणलं होतं तिनं. आणि तुम्ही अकरा वर्षं गप्प?" नंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. ते बरोबरच होते.

२. माझी हत्यारपेटी मुलीला. तीही याच धंद्यात आहे, एका कारखान्याच्या संगणक विभागात. केबल तपासायचे यंत्र अजून चांगले चालते. लहान स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बोथट झाले आहे, ते टाकून दे. पेटीबरोबर थोडे सांगून ठेवतो, कारण समोर बसून सांगायला लागलो की तू घड्याळ बघतेस.

बॅकअपसमोर हिरवी खूण दिसली म्हणजे बॅकअप आहे असे समजू नकोस. महिन्यातून एकदा एखादी फाइल खरोखर परत आणून उघडून बघ. तोंडी हुकूम आला की लगेच दोन ओळींची मेल टाक, "आपण आत्ता सांगितल्याप्रमाणे करत आहे" अशी. निम्मे हुकूम त्या मेलनंतर मागे घेतले जातात. "झालं" हा शब्द आपण उच्चारायचा नाही. ज्याचे काम अडले होते त्याला करून बघू दे, त्यालाच म्हणू दे. रोज काय केले ते हाताने वहीत लिही, वेळेसकट. आणि दुसऱ्याच्या लॉगिनवर कधी बसू नकोस. दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. कारण चौथ्या कलमात आहे.

३. दिवाणखान्यातले पितळी सन्मानचिन्ह, "उत्कृष्ट तांत्रिक अहवालाबद्दल" असे कोरलेले, रुग्णालयाच्या त्या वेळच्या मोठ्या साहेबांना परत करावे. त्यांचेच आहे. अहवाल लिहायला बसलो तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले होते, "यंत्रातली नोंद काय म्हणते तेवढंच लिहा. कोण कुठं होतं ते शोधायला आपण पोलीस नाही." मला तेवढाच आधार हवा होता. त्यांच्यावर माझा राग आहे, पण सगळे त्यांच्या गळ्यात मारता येणार नाही. पेन माझ्या हातात होते.

४. आता त्या दिवसाविषयी. हे कलम म्हणजे कबुलीजबाब समजावा.

रक्त तपासायच्या विभागात नावे आणि नोंदी टाकायचे काम एक बाई करत. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांचा पासवर्ड एका चिठ्ठीवर कीबोर्डखाली असे. त्या वेंधळ्या होत्या म्हणून नव्हे. तिथे सगळ्यांच्याच चिठ्ठ्या कीबोर्डखाली असत. शिफ्ट बदलली की एकाचे लॉगिन बंद करून दुसऱ्याचे उघडण्यात दहा मिनिटे जात आणि तेवढ्यात नळ्यांची रांग लागे. कागदोपत्री याला सक्त मनाई होती. मनाईचे पत्रक मीच छापून भिंतीवर लावले होते.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तिथून फोन आला: लेबलांचा प्रिंटर अडकला. ताई जेवायला गेल्या होत्या. मी त्यांच्या खुर्चीवर बसलो, चिठ्ठी काढली, त्यांच्या नावाने आत गेलो आणि अडकलेले काम मोकळे केले. प्रिंटर सुरू झाला. अडकून सुटलेल्या प्रिंटरचे पहिले लेबल हमखास पुसट येते, म्हणून मी ते नेहमी फाडून टाकतो. त्या दिवशीही न वाचता फाडले आणि टोपलीत टाकले.

ते पुसट नव्हते. ते पहिल्या नळीचे लेबल होते.

स्टँडमध्ये सहा नळ्या क्रमाने उभ्या होत्या. विभागाचे मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी लेबले क्रमाने लावली. म्हणजे दुसऱ्याचे नाव पहिल्याच्या रक्ताला लागले, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या, आणि तसेच पुढे. शेवटची नळी लेबलाविना राहिली. मामा म्हणाले, "साहेब, एक लेबल कमी आलं."

मी म्हणालो, "देतो की," आणि शेवटचे लेबल पुन्हा छापून दिले. लेबल कमी का आले, हा प्रश्न मी विचारला नाही. खाली माझे जेवण थांबले होते.

दुसऱ्या लेबलावर ज्याचे नाव होते तो माणूस बस-कंडक्टर होता, मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला. त्याला चुकीच्या गटाचे रक्त चढले आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. घरी दोन मुले होती.

चौकशीत ताई एकच वाक्य बोलत राहिल्या, "मी जेवायला गेले होते हो." सोबत जेवणाऱ्या दोघींनी कानावर हात ठेवले, कारण मग ताईंच्या नावाने काम कोणी केले हा प्रश्न आला असता, आणि सगळ्यांच्याच कीबोर्डखाली चिठ्ठ्या होत्या. मामांना कोणी बोलावलेच नाही. मी अहवालात लिहिले, "नोंदीनुसार एक वाजून चौदा मिनिटांनी सदर कर्मचाऱ्याच्या नावाने छपाई झालेली आहे." यातला प्रत्येक शब्द खरा आहे. याच वाक्यावर ताईंची नोकरी गेली. आता त्या एका झेरॉक्सच्या दुकानात टाइपिंग करतात, आणि बडतर्फीविरुद्धचा दावा अजून लढवत आहेत. नोकरीचे वय उलटले आहे. त्यांना फक्त "चूक यांची नव्हती" असा कागद हवा आहे.

५. माझे त्या वर्षीचे लाल रजिस्टर ताईंना. त्या तारखेच्या पानावर, माणूस दगावण्याच्या आधीच, माझ्याच अक्षरात आहे: "१.१० लॅब. लेबल प्रिंटर. ताई जेवायला, त्यांच्या लॉगिनवरून मोकळा केला. शेवटचे लेबल पुन्हा दिले." चौकशीच्या काळात ते पान फाडायला मी दोनदा बसलो. फाडले नाही आणि दाखवलेही नाही. हत्यारपेटीच्या तळाशी ठेवून दिले. माझ्या मृत्यूनंतर ते ताईंच्या हाती द्यावे.

(कलम पाच रद्द. खालची पुरवणी पाहावी.)

६. बँकेतली मुदत ठेव कंडक्टरच्या पत्नीला, या मजकुराच्या प्रतीसह. ही भरपाई नव्हे, तसे कोणी म्हणू नये. त्यांनी घेतली नाही तर आग्रह करू नये. त्यांनी माझ्यावर किंवा माझ्या मागे उरलेल्या गोष्टींवर दावा लावला, तर घरच्यांनी तो लढवू नये.

७. या कागदाप्रमाणे सगळे पार पाडण्याचे काम मुलीकडे. धाकट्या भावाकडे नाही. त्याला रजिस्टर दाखवले तेव्हा तो म्हणाला, "दादा, जाळून टाक. मेलेला माणूस परत येणार आहे का? वहिनीचा विचार कर." तो वाईट नाही. मीही अकरा वर्षे नेमके हेच स्वतःला सांगत होतो, म्हणून त्याच्या हाती काही देत नाही. माझे घड्याळ त्याने घ्यावे.

पुरवणी. वरचे लिहून झाल्यावर मुलीला वाचायला दिले. पाचव्या कलमापाशी ती थांबली.

"बाबा, ताईंची सुनावणी कधी आहे?"

"एकोणीस तारखेला."

"आणि तुम्ही लिहिलंय, माझ्या मृत्यूनंतर."

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात महिना. फार तर दीड."

"म्हणजे त्यांनी तारखेला उभं राहून तुम्ही मरायची वाट बघायची?" ती म्हणाली. "आणि सोळा तारखेला गेलात तर बरंच झालं, असं मी मनात म्हणायचं? कुठं आहे ते?"

मी पेटीकडे बोट दाखवले. तिने वरची हत्यारे जमिनीवर काढून ठेवली, रजिस्टर पिशवीत घातले आणि चपला घालून गेली. पत्नी दारात उभी होती. तिने अडवले नाही. "पावती घे गं," एवढेच म्हणाली.

दोन तासांनी मुलगी परत आली. मी विचारले, काय म्हणाल्या?

"काही नाही. गिऱ्हाईक होतं, त्याचं टाइपिंग आधी पूर्ण केलं. मग पान वाचलं. उलटून मागं बघितलं, अजून काही आहे का म्हणून. मग म्हणाल्या, एवढंच? दोन ओळी?"

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काही विचारलं नाही, बाबा."

म्हणून कलम पाच मी स्वतः खोडले आहे. ती वस्तू आता माझी नाही, ती मागे ठेवता येत नाही. सुनावणीला मला खुर्चीत बसवून न्यावे. बोलता आले तर बोलेन; नाही आले तर हा कागद वाचावा.

साक्षीदार पहिले: माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर. लिहिणारा शुद्धीत आहे आणि त्याने माझ्यासमोर सही केली, एवढ्याची साक्ष. सही केली आहे.

साक्षीदार दुसरे: रक्त तपासणी विभागातले निवृत्त मदतनीस, मामा. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, "साहेब, मी फक्त तुमच्या सहीचा साक्षीदार ना?" मी म्हणालो, "तुम्ही ठरवा." त्यांनी सही केली. मग सहीखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली. ती जशीच्या तशी राहू द्यावी:

"लेबल कमी आलं हे मीच सांगितलं होतं. खुर्चीवर ताई नव्हत्या. मलाही माहीत होतं."

स्थळ: राहते घर, खिडकीजवळची खोली. दिनांक अकरा, सोमवार, दुपारी पावणेएक.

लिहून देणार: सही माझी, माझ्या हाताने, माझ्याच नावाने.