कंटेनरच्या ओटीतला नारळ तीन दिवसांत हजर करण्याबाबत

प्रति,
मा. श्री. प्रतापराव सोळुंके,
परीक्षण अधिकारी,
शीतमाल निर्यात तपासणी कार्यालय,
कंटेनर आगार, सिकंदराबाद.

विषय : नारळ हजर करण्याच्या आपल्या हुकमाबाबत, तसेच साठ हजार पुरणपोळ्या वितळण्याआधी रवाना होऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) आपला पंचनामा, दि. १ जुलै २०२५. २) आपले पत्र, दि. ७ जुलै २०२५.

महोदय,

अर्जदार मालनबाई हिम्मतराव बिरादार, वय ६३, राहणार अफझलगंज, हैदराबाद. अर्ज लिहिणारे त्यांचे थोरले बंधू केशवराव, रेल्वेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त, राहणार तारनाका. मालनबाई सांगतात, केशवराव लिहितात. पुढे जिथे जिथे आदर दिसेल तो केशवरावांनी घातलेला समजावा, त्यांना छत्तीस वर्षांची सवय आहे. अर्ज मराठीत असण्याचे कारण आपणच. पहिल्या भेटीत आपण खुर्चीतून न उठता सांगितलेत की, अम्मा, मी उदगीरचा, आपल्या भाषेत लिहून द्या, काम लवकर होईल. त्याला आज आठवा दिवस.

१. मालनबाई आणि गल्लीतल्या चौदा बायकांनी दीड महिना खपून साठ हजार पुरणपोळ्या लाटल्या. परदेशच्या नियमात तूप बसत नाही म्हणून तेलावर भाजल्या, ते दुःख मालनबाईंनी गिळले. पोळ्या गोठवून उणे अठरा अंशांच्या कंटेनरमध्ये भरल्या. माल हॅम्बुर्गला जायचा आहे, तिथल्या आणि आसपासच्या मराठी मंडळांच्या गौरीच्या जेवणासाठी, १ सप्टेंबरला. समुद्राने चाळीस दिवस लागतात. कंटेनर येत्या गुरुवारी, दि. १० जुलैला, आगारातून निघाला तर मुंबईचे जहाज मिळते. नाही निघाला तर गौरी जेवून परत जातील आणि मागून पोळ्या पोहोचतील. पहिलाच कंटेनर आहे. हा चुकला की दुसरा कोणी मागणार नाही, आणि चौदा बायका पुन्हा दुसऱ्यांच्या घरी पोळपाट धरतील.

२. मालनबाईंची चूक झाली, ती त्यांना कबूल आहे. शुक्रवारी दि. २७ जूनला माल भरून झाला आणि दाराला सील लागण्याआधी त्यांनी कंटेनरची ओटी भरली. घरातून लेक निघाली की ओटी भरतात, ही तर समुद्रापार निघाली होती. पाच मुठी तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी असे ताट पुढच्या खोक्यावर ठेवले, दाराला हळदीकुंकू लावले. मालाच्या यादीत ओटी लिहायची असते हे पंधरा जणींपैकी एकीच्याही ध्यानात आले नाही. लेकीच्या ओटीची यादी आजवर कोणी कुठल्या कचेरीत दिली नव्हती.

३. दि. १ जुलैला आपण दार उघडलेत आणि न कळवलेला माल सापडला म्हणून पंचनामा केलात. आपले कारकून गौतम यांनी ओटी कोणाची असे विचारले. मालनबाईंनी कंटेनरकडे बोट करून 'हिची' म्हटले. गौतम सरळ माणूस. त्यांनी नारळ घेणाराच्या रकान्यात 'कंटेनर, विवाहित स्त्री' असे लिहिले आणि आपण न वाचता सही ठोकलीत. दुसऱ्या दिवशी आपल्याच कार्यालयाने सदर स्त्रीच्या ओळखपत्राची प्रत मागितली. सोबत पाच मुठी तांदळासाठी तांदूळ निर्यातीचा परवाना आणि खणासाठी धाग्याचा दाखला. मालनबाईंनी हात जोडून विनवले की, साहेब, मी ताट उचलते, लेकरू जाऊ द्या. आपण सांगितलेत की जप्त वस्तू जागची हलवता येत नाही. केशवरावांनी उभ्या नोकरीत पुष्कळ अधिकारी पाहिले, पण सुपारीला इतका मान देणारे आपण पहिलेच.

४. जप्त नारळ जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण दिवसातून तीन वेळा कंटेनर उघडण्याचा हुकूम केलात. दार उघडले की गौतम फोटो काढतात, तो फोटो आपण पाहून मान डोलावलीत की दार बंद होते. आपण जेवायला गेलेले असलात तर दार उघडेच राहते, कारण मान डोलवायला माणूस नसतो. बाहेर हैदराबादची हवा. उणे अठराचे उणे चौदा झाले, मग उणे अकरा. तेव्हा आपल्याकडून आणखी एक पत्र आले की, अर्जदाराने माल पुरेसा थंड राखलेला नाही, खुलासा करावा. खुलासा असा की दार आपण उघडता. मालनबाईंच्या घरच्या फ्रिजचे दार कोणी इतका वेळ उघडे ठेवले असते तर त्याच्या पाठीत लाटणे बसले असते.

५. शनिवारी दि. ५ जुलैला आपल्या कार्यालयात नवा वजनकाटा बसला. काट्याची पूजा झाली. सोमवारी मालनबाई फाटकावर उभ्या असताना गौतम यांनी त्यांना बाजूला घेतले आणि खालच्या आवाजात सांगितले की, अम्मा, गुस्सा नक्को हो, दुकान दूर थी, सायब बोले अंदर का नारियल लाओ, फोड डाले. आत पाण्याऐवजी बर्फाचा गोळा निघाला म्हणे, तोही सर्वांनी कौतुकाने चाखला. त्याच सोमवारी दुपारी आपले संदर्भ क्रमांक दोनचे पत्र हातात पडले. त्यात म्हटले आहे की, जप्त नारळ तपासणीत आढळून आला नाही, सबब अर्जदाराने तो तीन दिवसांत मूळ स्थितीत हजर करावा, तोवर कंटेनर सुटणार नाही. मूळ स्थितीतला नारळ आता आपल्या पोटात आहे, साहेब. चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण केशवराव लिहिणार नव्हते, मालनबाईंनी लिहायला लावली.

६. एक गोष्ट पंचनाम्यात आलेली नाही, कारण ती कोणी विचारली नाही. मालनबाईंची एकुलती लेक जयवंता हॅम्बुर्गला नोकरीला आहे. सहा वर्षे झाली, गौरीला ती माहेरी आलेली नाही. दर वर्षी रजेचे काहीतरी आडवे येते. तिकडे मंडळाच्या वतीने कंटेनर उतरवून घ्यायला तीच उभी राहणार आहे. दार उघडले की पहिले ताट तिच्या हाती लागावे, म्हणून ते सर्वांत पुढच्या खोक्यावर होते. कंटेनरची ओटी तिच्या ओटीत पडायची होती. मालनबाईंनी हे जयवंताला सांगितलेले नाही, आणि आता काय सांगावे तेही त्यांना कळत नाही. त्यांना राग आला आहे आणि रडूही येते आहे, दोन्हींची नोंद घ्यावी.

७. राहिला कायदा. आपल्याकडे नियमांचे पुस्तक आहे, मालनबाईंकडे सासू आणि आईकडून आलेला एकच नियम आहे. ओटीचा नारळ जिच्या घरी खाल्ला जातो ती लेक. त्या हिशेबाने आपण आता मालनबाईंची लेक झालात. येत्या गौरीला आपण माहेरपणाला अफझलगंजला यावे. पुरणपोळी वाढली जाईल, तुपासह, आणि दार तिन्हीत्रिकाळ उघडे राहील. मात्र आपली थोरली बहीण आठ दिवस आगारात ताटकळली आहे. तिचे दार आता पुन्हा उघडू नये. उघडायचेच असेल तर गुरुवारी फाटकाचे उघडावे.

आदर केशवरावांचा, सही माझी,

मालनबाई हिम्मतराव बिरादार
अफझलगंज, हैदराबाद
दि. ८ जुलै २०२५

लेखनिक : केशवराव दत्तोबा मुळे, तारनाका

सोबत :
१. पंचनाम्याची प्रत. 'विवाहित स्त्री' खाली लाल रेघ मारली आहे.
२. नारळ, नग एक, शेंडीसह. आपल्या हुकमाप्रमाणे हजर. हा जयवंताचा आहे, कंटेनरमध्ये ठेवून सील लावावे.
३. नारळ, नग एक, पाच मुठी तांदूळ आणि खण. ही आपली ओटी. पुढच्या पूजेला हा फोडावा.