वेगळा ठेवलेला पेला

वहिनी,

तुम्ही बाजारातून यायच्या आत मला बमरोलीला लूमवर, मागाच्या पाळीला निघावं लागतंय, म्हणून लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणाले, माझा खोकला टीबीचा नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात लोखंड फार आहे, त्यात पोसलेला जंतू वाफ घेताना छातीत गेला असेल. तो माझ्यापासून कुणाला लागायचा नाही.

आपल्या छोट्या चंचलला खोकला आला तरी त्या पाण्याची वाफ देऊ नका. नळाचे दोन हंडे भरलेत, तेच वापरा. गावी आईला मी एसटीडीवरून कळवतो, टीबीचं ऐकून रडत बसली असेल.

माझा पेला वेगळा केलात, त्याचा राग नाही. घरात लहान पोर आहे. पण वहिनी, माझा आणि चंचलचा, दोन्ही पेले तुम्ही बोअरच्या एकाच हंड्यातून भरत होतात.

कुंदन