राऊच्या कुंपणातली चितळं

६ सप्टेंबर १९५२
सकाळीच राऊहून निरोप. रावसाहेबांच्या कुंपणात तीन चितळं मेली. काल संध्याकाळी धडधाकट होती म्हणे. रावसाहेब दरबारच्या फौजेतले. दरबार गेला, मध्यभारत झाला, हरणांची पैदास तेवढी त्यांनी चालू ठेवली आहे. पोचलो तेव्हा चौथा, एक नर, पाय झाडत पडलेला. सुई भरेपर्यंत गेला.
रा.सा. एकच धरून बसलेले. "जहर दिलं डॉक्टर, और क्या!" डोळा नाथूजीवर. वीस वर्षं हरणं सांभाळणारा माणूस, परवाच त्याच्यावर भडकले होते.
फाशीचा रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, असला तर चिरायचं नाही, साथ पसरते. कानाचं रक्त काचेवर घेतलं, दवाखान्यात येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावला. फाशीचे जंतू नाहीत. पुन्हा राऊ. एक मादी उघडली. रक्त लालभडक. पोटात कोवळी ज्वारी. कडू बदामासारखा वास. पावसाने ताण दिला की खुरट्या ज्वारीत विष चढतं, जनावर तासाभरात आटपतं.
"ज्वार किसने डाली?"
नाथूजी म्हणाला, "मैंने, साब. सुबह."

७ सप्टें.
रा.सा.नी नाथूजीला काढलं. मी लिहून दिलं होतं, 'ज्वारीची विषबाधा'. त्यातलं 'विष' तेवढं त्यांनी उचललं. म्हटलं, विष ज्वारीतलं, माणसाने घातलेलं नाही.
"डाली तो उसी ने!"
वाद घालायची ताकद नव्हती.

८ सप्टें.
जुनी वही चाळली. गेल्या महिन्यात राऊला गेलो होतो, त्या दिवशीची नोंद, माझंच अक्षर: 'हरणं रोड. हिरवा चारा वाढवा.'
नाथूजीने वाढवला. गवत वाळलेलं, तो हिरवं आणणार कुठून? बांधालगतची ज्वारी कापली. ती देऊ नको हे मी सांगितलंच नव्हतं. आणि परवा विचारलं तेव्हा त्याने माझं नावही घेतलं नाही.
सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मला काय सांगताय? रावसाहेबांना सांगा."

९ सप्टें.
सांगितलं. वहीसुद्धा दाखवली. रा.सा.नी चहा मागवला, शांतपणे ऐकलं. "तुम्ही भले माणूस आहात, डॉक्टर. त्याला वाचवताय."
चहा पिऊन परत. बसमध्ये उभा राहून आलो.

१५ सप्टें.
ज्वारी बंद, कोरडा चारा. आठवडाभर सगळं ठीक. आज आणखी एक मादी गेली. पोटात ज्वारीचं पानसुद्धा नाही. गळ्याखाली हात फिरवला, थोडी सूज.
खाणं कधी सोडलं, विचारलं. नवा माणूस रा.सा.कडे बघतो, रा.सा. माझ्याकडे. कुणालाच माहीत नाही.
काचेवर दोन्ही टोकांना रंगलेले जंतू दिसल्यासारखे वाटले. गळा सुजवून मारणारा गळघोटू? की माझे डोळे? आणि मग पहिली चार? त्या दिवशी मी फाशीच शोधत होतो, दुसरं काही बघितलंच नाही. तो वास खरंच आला होता, की ज्वारी दिसली म्हणून... त्या काचा केव्हाच धुऊन टाकल्या.
ज्या कागदावर नाथूजीची रोजी गेली, तो माझ्या सहीचा.

१६ सप्टें.
नव्या काचा महूला, फौजी घोड्यांच्या डॉक्टरकडे दिल्या. त्यांची नजर तरुण आहे. तिथून नाथूजीच्या गावी. ओट्यावर दोरी वळत होता. सगळं सांगितलं. हिरव्या चाऱ्याचं, आणि आता मलाच खात्री नाही, तेही. हात थांबला नाही त्याचा. वळता वळताच म्हणाला,
"कौन-सी मरी?"
"कानाला चीर होती ती."
"उसका तो दूध पीता बच्चा है, साब."
दोरी खाली ठेवली. पगडी बांधायला घेतली.

१७ सप्टें.
फाटकात रा.सा. उभे. नाथूजीने रामराम केला. त्यांनी वाट अडवली नाही.
तो तासभर कुंपणाला टेकून उकिडवा बसला, नुसता बघत. मग बोट केलं. "वो दो. पानी पे नी गई."
"तुम तो अभी आए!"
"नाक देखो ना, साब. सूखी पड़ी है."
दोघींना जाळीत घेऊन वेगळं केलं. सुई टोचली. महूचं उत्तर अजून नाही.
"नक्की काय आहे, डॉक्टर?" रा.सा.
"माहीत नाही." पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुणाला असं तोंडावर सांगितलं नव्हतं. रा.सा. नाथूजीला राहा म्हणाले नाहीत, जा पण नाही.
तो आत पिल्लाला मांडीत धरून बाटली लावत होता. दूध तोंडाच्या कडेने गळत होतं. "पिएगा, पिएगा," मला म्हणाला की पिल्लाला, कळलं नाही. बस चुकू नये म्हणून निघालो. तोवर तरी पीत नव्हतं.